शिक्क्यातली जागा

आमच्या शिक्क्यावर एवढंच कोरलंय : पिण्यास योग्य.
दोन शब्दांमधे बोटभर जागा सोडलीय.
तिथं अ घालायचा की नाही
ते मी ठरवते, निळ्या पेनानं.
ओरोसला रुजू झाले तेव्हा वाटलं होतं
कुणाची तरी काटकसर असेल.

अकराची एसटी लागते. कंडक्टर बर्फपेटी उतरवतो
मासळीच्या टोपल्यांशेजारीच.
बाटल्यांना चिकटपट्टी, पट्टीवर वाडी, स्रोत, वेळ.
जांभळ्या माध्यमात पाणी सोडायचं
आणि अठ्ठेचाळीस तास थांबायचं.
पिवळं पडलं, उलट्या नळीत बुडबुडा अडकला
की समजायचं, कुठेतरी शोषखड्डा विहिरीशी बोलतोय.
मॅडमना बुडबुडे मोजायचा पगार मिळतो,
मकसूद म्हणतो, आणि ब्युरेट धुतो.

त्यानंच दाखवलं.
"भेरलेवाडी. यावेळी एकही बुडबुडा नाही."
चांगलं झालं की,
मी अनुदानाच्या फायलीतून मान वर न काढता म्हटलं.
तो हलला नाही.
"क्लोराईड बघा."
सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब, आणि सगळं विटकरी.
खाडीपासून चाळीस पावलांवरची विहीर,
जिच्या पाण्यात वैशाखात डाळ शिजत नाही,
ती एवढी गोड?
दिवाळीनंतर तिलाच मी अ घातला होता.

शनिवारी तरीनं पलीकडे गेले.
गुं. रा. जुवाटकर, जलसुरक्षक,
इतकी वर्षं पट्टीवरचं तिरकं अक्षर,
आता लुंगीत, जाळ्याचा दोर वळत दारात उभं.
मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं त्यानं,
कबुली द्यावी तसं नव्हे, वारा कुठला ते सांगावं तसं :
"तुमचो कागद इलो. पंचायतीन रहाटाक साखळी घातली.
चार म्हयने बायलो टेंब चढान झऱ्यार जातत.
एक पडली."
कुणाची?
त्यानं आत पाहिलं.

ती आली, उजवा पाय जरा ओढत.
ताटलीत गूळ, तांब्यात पाणी.
माझा हात थांबला.
आधी हात थांबतो, मग माणूस दिसतं,
हे या नोकरीनं केलंय.
तिला कळलं.
"बावडेचा न्हय, बाय. झऱ्याचा आसा.
तुमी येतलात म्हणान सकाळीच हाडलंय."

म्हणजे बाटलीतलं तेच.
मी आठवडाभर ज्याला फसवणूक म्हणत होते
ते गावातलं सगळ्यात चांगलं पाणी होतं.
पाव्हण्यापुढे ठेवावं तसं
प्रयोगशाळेला धाडलेलं.

प्यायले. सगळं.
मग पिशवीतून निर्जंतुक बाटली काढली.
गुंडूनं कुलूप उघडलं, साखळी सोडली,
मी दोर बांधून बाटली खाली सोडत राहिले
आम्हा दोघांची तोंडं पाण्यात फुटेपर्यंत.

मंगळवारी पाचातल्या पाच नळ्या पिवळ्या.
मकसूद काही बोलला नाही.
शिक्का मारला. जागेत अ लिहिला,
नेहमीपेक्षा ठळक, हात कापतोय असं वाटू नये म्हणून.
खाली शेऱ्याचा रकाना असतो.
तिथं रेघ मारायची आमची पद्धत.
तिथं लिहिलं :
साखळी काढावी. टीसीएल रोज टाकावं, पाणी उकळून वापरावं.
शोषखड्डा हलवावा, विहीर नव्हे.
टेंबावर पायऱ्या बांधाव्यात.
पायऱ्यांचा आणि अणुजीवशास्त्राचा काय संबंध,
वरून फोन आला.
येऊन चढून बघा, म्हटलं.
त्याला आज तीन आठवडे झाले.

ती पहिली बाटली अजून फ्रीजमध्ये आहे,
चार अंशांवर, तिरक्या अक्षरासकट.
तपासलेला नमुना ओतून टाकायचा असतो.
मकसूद रोज आठवण करतो.
उद्या, मी म्हणते.